कोनाड्यातली औषधं

"मास्तर, मान सैल सोडा ना जी. वस्तरा लागन."

नथ्थू न्हाव्याने हे पुन्हा सांगितलं, तेव्हा मी उठून बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. बाबा नदीच्या वाळूत पाटावर बसले होते. डावा हात त्यांनी दुपट्ट्याखाली मांडीशी दाबून धरला होता. मान सैल सोडणं त्यांच्या हातात नव्हतं, पण ते नथ्थूला सांगायची मला मनाई होती.

"थकलेत ते," मी म्हणाले. "झोप झाली नाही."

"भाऊ गेल्यावर झोप कायची," नथ्थू म्हणाला आणि त्याने बाबांचं डोकं दोन्ही हातांनी धरून जड दगड कलता करावा तसं पुढे वाकवलं.

मोठ्या बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, तो दहावा होता. बोरखेडी हे आमचं मूळ गाव अडाण नदीच्या काठी आहे. मेलेल्याहून लहान असलेल्या घरच्या पुरुषांनी दहाव्याला डोकं करायचं, अशी तिथली रीत. मोठ्या बाबांचा मुलगा गुणवंतदादा केस उतरवून पिंडाच्या तयारीला लागला होता. बायका काठावर बाभळीखाली बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"सख्खा भाऊ गेला, पन डोळ्याले पानी नाई."

"शयरातले लोक. त्यायचं तसंच राह्यते."

"पाह्य ना, चेहरा कसा हाये. जसं काई झालंच नाई."

बाबांना कंपवात होता. त्या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि माणूस रडला तरी चेहरा रडत नाही. हे मला नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. आणखीही एक गोष्ट त्यांनी मला एकटीला बसवून सांगितली होती. "ही गोळी वेळेवर पोटात गेली पाहिजे. एकाएकी बंद झाली तर अंग लाकडासारखं होईल, घास गिळता येणार नाही, ताप चढेल. त्यात माणूस दगावतो. इतर कशात हयगय झाली तर चालेल, यात नाही." आई गेल्यापासून बाबांच्या गोळ्या मीच सांभाळत होते. वेळेवर गोळी मिळाली की ते चालत, बोलत, वर्तमानपत्र वाचत. परक्या माणसाला काही कळतसुद्धा नसे.

बोरखेडीत तर कोणालाच काही कळू द्यायचं नव्हतं. "गावात हात हललेला दिसता कामा नये," असं ते प्रत्येक वेळी निघताना बजावत. का, असं मी एकदा विचारलं होतं. "सांगितलं तेवढं कर," म्हणाले. जन्मभर शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवलेला माणूस. म्हणून आम्ही गावी क्वचितच जात असू, आणि गेलो तरी दोन गोळ्यांच्या मधल्या चांगल्या वेळात भेट उरकून परतीची एसटी पकडत असू. या खेपेला मात्र तेरवीपर्यंत राहणं भाग होतं.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. कोणीही कोणाच्याही पिशवीत हात घालून टॉवेल काढत होतं. म्हणून बाबांनी मोठ्या बाबांची खोली मागून घेतली, आणि औषधांची थैली त्या खोलीच्या कोनाड्यात, मोठ्या बाबांच्या काढ्यांच्या बाटल्यांमागे, ठेवायला लावली. "इथे कोणी हात घालणार नाही," ते म्हणाले. थैलीत सगळ्या गोळ्या होत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठीही होती.

पिंडदान आटोपून आम्ही परतलो तेव्हा दुपारच्या गोळीची वेळ टळत आली होती. बाबांचे पाय वाळूतच घासायला लागले होते. त्यांना ओसरीवर बसवून मी आत गेले. खोलीची जमीन नुकतीच सारवलेली, ओली होती. बाजेवरची गादी नव्हती, खुंटीवरचं धोतर नव्हतं, काठी नव्हती. कोनाडासुद्धा आतून शेणाने सारवला होता.

गुणवंतदादाची बायको मंदावहिनी हात धूत होती.

"वहिनी, कोनाड्यातली थैली?"

"थे सारं काढलं ना वं. दहाव्याले मेलेल्या मानसाचं अंथरून, औषिदं घरात नाई ठेवत." ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमचं होतं का काई त्यात?"

"कुठे टाकलं?"

"टाकत नाईत, जाळतेत. गावाच्या खालतं, नाल्यापाशी. बायका केव्हाच्याच गेल्या."

मी नाल्याकडे धावले. गादीचा कापूस आतून धुमसत होता. काढ्यांच्या बाटल्या तडकल्या होत्या. मी काठीने राख उकरली. गोळ्यांच्या पाकिटांची चांदी आक्रसून तिचे काळे मणी झाले होते. थैलीची पितळी कडी तेवढी सापडली. चिठ्ठीचं नावही उरलं नव्हतं.

परत आले तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

"कोणाला सांगू नकोस."

"बाबा, आता सांगावं लागेल. दादाची जीप आहे. यवतमाळला जाऊन..."

"बीपीची होती म्हण. आजाराचं नाव काढायचं नाही. माझी शपथ आहे तुला, कुंदा."

मी तसंच सांगितलं. ते खोटं बोलण्यात अडचण काय आहे, हे मला पाच मिनिटांत समजलं. गुणवंतदादा गावच्या डॉक्टरकडे पोरगा पिटाळून रक्तदाबाची गोळी घेऊन आला.

"हे घे. बीपीची गोळी. डॉक्टर म्हने एकदम चांगली हाये."

"ही नाही चालत दादा. त्यांची वेगळी आहे."

"बीपीत काय वेगळं राह्यते? आमच्या सरपंचाले हेच चालते, अन् त्याचं बीपी त पाह्यलं ना..."

"दादा, मला यवतमाळला घेऊन चल. आत्ता. तिथे मिळेल."

त्याने मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "कुंदे, मी आग देल्ली हाये. तेरवी झाल्याबगर मले गावाची शीव नाई ओलांडता येत. तुले माहीत नाई काय?"

"मग जीप दुसरा कोणी चालवेल?"

"जीप माह्याशिवाय कोनाले येते? काकाले झालं तरी काय एवढं? दुःख हाये. निजू दे त्यायले. संध्याकाळपावतर बरे होतीन."

बाबा ओसरीवरून माझ्याकडे पाहत होते. पापणी लवत नव्हती.

शेवटी दादाने एवढं केलं, की मला जीपमध्ये घालून शिवेपर्यंत नेलं. शिवेवर शेंदूर फासलेला दगड होता. त्याच्या अलीकडे त्याने ब्रेक दाबला. पलीकडे डांबरी रस्ता आणि फाटा समोर दिसत होता.

"इथून पायी जाय. काळी-पिवळी भेटून जाईन," तो म्हणाला. त्याला ते बरं वाटत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. जीप वळवताना त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

काळी-पिवळी टॅक्सी दारव्ह्यापर्यंतच होती. तिथे बाजारपेठेत मोठं मेडिकल होतं. मालक चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मी गोळीचं नाव सांगितलं.

"चिठ्ठी?"

"जळाली."

"म्हनजे?"

"दहाव्याला मेलेल्या माणसाच्या औषधांबरोबर जाळली. गोळ्याही जळाल्या. माणूस जिवंत आहे."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. मग एक जाडजूड पुस्तक काढलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि ते थांबवलं. "कंपवाताचं औषध हाये हे. ताई, चिठ्ठीचं नंतर पाहू. हे माह्यापाशी नाईच. इतके वर्स दुकान हाये, कोनी मांगाले आलं नाई."

"तालुक्यात कोणालाच हा आजार नाही?"

"आजार असन. हात हलनारे ढीगभर म्हातारे हायेत. पन त्याले कोनी औषिद मांगत नाई." त्याने पुस्तक मिटलं. "यवतमाळले मोठ्या दवाखान्यासमोरच्या दुकानात पाहा. अन् चिठ्ठीबगर नाई देनार ते लोक. तुमच्या डॉक्टरले फोन लावून ठेवा."

एसटीडी बूथवर मी नागपूरच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर जेवायला घरी गेलेत. घरचा नंबर लावला तर ते झोपलेत असं कळलं. मी त्यांच्या बायकोला म्हणाले, "त्यांना उठवा. नाहीतर मी इथून हलणार नाही आणि हा फोन ठेवणार नाही." डॉक्टर आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"गिळता येतंय का अजून?"

"मी निघाले तेव्हा येत होतं."

"यवतमाळच्या दुकानातून मला फोन लावून द्या. मी घरीच थांबतो. आणि तुमच्या माघारी कोणी त्यांच्या घशात पाणी ओतू नये, एवढं पाहा. ठसका लागून जातील."

ते पाहायला मी तिथे नव्हते. बोरखेडीत फोन नव्हता.

यवतमाळच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीशिवाय बोलायलाच नकार दिला. मी दुकानाचा फोन मागितला. तो म्हणाला, तो गिऱ्हाइकासाठी नाही. मी काउंटरचं फळकुट उचलून आत गेले आणि नंबर फिरवला. तो "ओ बाई, ओ बाई" करत राहिला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आल्यावर मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ नुसतं "हो सर" म्हणत होता. मग शिडी लावून वरच्या फळीवरून त्याने एक खोकं काढलं.

"तुमची छोटी गोळी नाही. ही दुप्पट ताकदीची आहे. सर म्हणतात, अर्धी करा, कोमट पाण्यात विरघळवा अन् चमच्याने थोडी थोडी द्या." फळकुट खाली सोडताना तो म्हणाला, "पेशंट घरी एकटाच आहे का?"

"माणसांनी घर भरलंय," मी म्हणाले.

दारव्ह्याच्या स्टँडवर एसटीतून उतरले तर समोर गुणवंतदादा उभा होता. उघडं मुंडकं, अंगावर सुतकाचा पंचा, पायात चपला नाहीत. लोक वळून वळून पाहत होते.

"दादा, तू शीव ओलांडलीस?"

"भेटलं का?"

"मिळालं. बाबा?"

"बस गाडीत."

रस्ता खराब होता आणि तो तशाच रस्त्यावर जीप दामटत होता. मग म्हणाला, "बीपी नाई ना थे?"

"नाही."

"मायनं ओळखलं. तू गेली अन् काका लाकडावानी झाले. तोंडातून लाळ गळाले लागली. बायका म्हने, भावाचा जीव अटकला हाये, अंगात आला हाये. भगताले बलावाले निंगाल्या. मायनं साऱ्यायले हाकललं. मले म्हने, गुनवंता, तुह्या बापाचं झालं थेच हे हाये. शिवेचं मी पाह्यतो, तू जाय."

"तुह्या बापाचं म्हणजे?"

"माहे बाबा कायनं गेले असं वाटते तुले?"

मोठे बाबा गेल्याचं कळवणाऱ्या पत्रात लिहिलं होतं, म्हातारपणानं खाणं सुटलं. मी तेच सांगितलं.

"खानं सुटलं नाई. गिळताच ये नाई. आखरीले मायनं चमच्यानं पानी पाजलं. त्याच्या आंधी अंग आखडलं. त्याच्या आंधी पाय घासत चालत. अन् त्याच्याही आंधी, लई वर्सं, हात हालत होता. दुपट्ट्याखाली लपवून बसत."

माझ्या मांडीवर गोळ्यांची पुडी होती. मी ती दोन्ही हातांनी धरली.

"दवाखान्यात का नाही नेलं, दादा?"

"कसं नेऊ? घरातून निंगतच नोहोते. म्हनत, हे डॉक्टरचं काम नोहे." त्याने गिअर बदलला. "संत्र्याच्या बगीच्यातली विहीर. तुले माहीत हाये काय, थ्या विहिरीसाठी बावन्यासंगं वाद झाल्ता? आपून नोहोतो तवा. पंच म्हने, महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचला अन् शपथेवर सांगा विहीर कोनाच्या हद्दीत हाये. बाबानं अन् काकानं, दोघायनंही उचलला. विहीर आपली झाली. बावनेबुवा देवळातच म्हनला, खोटं बोललेला हात गप राह्यत नाई. झाडाच्या पानावानी हालते. साऱ्या गावानं आयकलं."

शिवेचा दगड आला. दादाने वेग कमी केला नाही.

"हात हाल्ला म्हनून कोनाले दाखवला नाई," तो म्हणाला. "काकाले त बिलकूल कळू देऊ नका म्हनत. लहान हाये, भेऊन जाईन."

बाबांना खोलीत बिनगादीच्या बाजेवर ठेवलं होतं. मोठी आई, म्हणजे गुणवंतदादाची माय, जमिनीवर बसून बाबांच्या पाठीला खांद्याचा टेकू देऊन होती. बाबांचं अंग घामाने भिजलं होतं आणि कपाळ तापलं होतं. गुडघे अर्धे वाकलेले, तसेच अधांतरी राहिले होते. डोळे तेवढे माझ्याकडे फिरले.

"पाणी पाजलंस का त्यांना?" मी विचारलं.

"नाई. ओठ तेवढे वले केले. असं झाल्यावर पानी नाई पाजत, ठसका लागते." ती शांतपणे बोलत होती. "आन इकडे."

मी अर्धी गोळी कोमट पाण्यात विरघळवली. वाटी तिनेच घेतली. बाबांची हनुवटी छातीकडे खाली दाबली, चमच्यातलं दोन थेंब पाणी ओठांच्या कोपऱ्यात सोडलं आणि गळ्यावरून बोट खाली फिरवलं. घाटी हलली. तिने थोडं थांबून पुन्हा दोन थेंब सोडले. बाबांची उष्टी लाळ ती आपल्या पदराने टिपत होती. ती वाटी संपायला फार वेळ लागला. गुणवंतदादा उंबऱ्यात उभा होता.

आधी गुडघे बाजेला टेकले. मग मुठी उघडल्या. दारातला उजेड पिवळा झाला तोवर बाबांची मान तिच्या खांद्यावरून उठली होती. त्यांनी हात मागे टेकला आणि स्वतःच्या बळावर बसले. डावा हात मांडीवर पडला होता आणि हलत होता. त्यांनी तो झाकला नाही.

मोठी आई उठून त्यांच्या समोर बसली. पाकीट हातात घेऊन तिने उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"आता बोलता येते, भाऊजी?"

"येतं," बाबा म्हणाले. आवाज स्वच्छ होता.

"एवढ्यात उठून बसले तुमी." तिने पाकीट बाजेवर ठेवलं. "हे औषिद कवापासून घेऊन राह्यले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. तो आजारच तसा असतो.

"वहिनी, माझ्या दादाचाही हात... मला माहीत नव्हतं."

"त्यायलेही तुमचं माहीत नोहोतं. मी थे नाई इचारलं. कवापासून?"

बाबा खाली पाहत म्हणाले, "गुणवंताच्या लग्नाला आलो, तेव्हा घेत होतो."

गुणवंतदादाचा मुलगा आता सातवीत होता.

मोठी आई हिशेब करत असावी, किंवा आठवत असावी. नंतर ती म्हणाली, "तवा गुनवंताच्या बापाचं नुसतं बोट हालत होतं."

तिने वाटी उचलली, चमचा तिच्यात ठेवला आणि पुढची गोळी कधी द्यायची ते मला विचारलं.